तळे राखी तो पाणी चाखी?



आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे: तळे राखी तो पाणी चाखी. ज्याच्याकडे राखण, तो दोन घोट पिणारच, असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो. रस्त्याच्या कामात कोणी चार पैसे खाल्ले, घरकुलाच्या हप्त्यातून कोणी काही कापून घेतले, की ही म्हण तोंडावर येते आणि विषय संपतो. पण म्हणीने एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे तळ्यात पाणी आहे. तळे कोरडे निघाले तर काय? आणि दुसरी गोष्ट तर ही म्हण विचारतच नाही: तळे कोणाचे?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न नुसता म्हणीपुरता नाही. काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन, आणि सगळा भरवसा पावसावर. पाऊस दगा देतो तेव्हा कास्तकाराच्या घरात काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा त्यातला मोठा वाटा सिंचनासाठी ठेवला होता. शेताला पाणी मिळाले तर कास्तकार तगेल, हा त्यामागचा साधा हिशेब.

पुढे काय झाले? २००९ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत अवघ्या काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. कचेरीच्या भाषेत याला सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणतात, बोलताना नुसते ‘सुप्रमा’. कागदावर शब्द किती सभ्य दिसतो! २०१२ साली मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी नोकरीत असतानाच सरकारला पत्र लिहून कामांतील गैरप्रकारांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी राज्याच्या आर्थिक पाहणीतून दिसले की दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चूनही सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के एवढेच झाले. राज्यभर संताप उसळला. सरकारने नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका काढली आणि वाढ याहून पुष्कळ जास्त असल्याचे सांगितले. नागपूरची ‘जनमंच’ ही संस्था उच्च न्यायालयात गेली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा पदावर आले. २०१४ च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी सुरू झाली, आणि २०१९ साली त्याच विभागाने उच्च न्यायालयाला कळवले की पवार यांच्यावर जबाबदारी येत नाही.

इथे येऊन आपल्यापैकी अनेकांचा संताप थंडावला. काही म्हणाले, “बघा, सगळे सुटतात.” काही म्हणाले, “बघा, उगाच बदनामी केली.” दोघेही घरी गेले. शेत मात्र होते तसेच राहिले.

राग करावा की नाही?

काही भाविकांना वाटते की राग हे पापच, म्हणून चांगल्या ख्रिस्ती माणसाने अशा विषयात पडू नये. पण संत मार्कच्या शुभवर्तमानात, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करण्याआधी, प्रभू येशूने गप्प बसलेल्या लोकांकडे रागाने पाहिले आणि त्यांच्या कठोर मनामुळे तो खिन्न झाला, असे लिहिले आहे. राग आणि दुःख एकाच वेळी. आणि त्या रागाचा शेवट कशात झाला? एका माणसाचा हात बरा होण्यात. संत थॉमस अक्वायनस यांनीही शिकवले की विवेकाच्या ताब्यातला राग योग्य आहे, आणि जिथे राग यायला हवा तिथे तो न येणे हाही दोष आहे.

आपल्या भाषेत राग वेगळा आणि चीड वेगळी. राग स्वतःच्या अपमानाचा असतो, चीड अन्यायाची असते. सार्वजनिक पैशाचा गैरवापर पाहून चीड येणे हे मन जिवंत असल्याचे लक्षण आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात चोरी न करण्याच्या सातव्या आज्ञेखाली लाच देऊन निर्णय फिरवणे, सामाईक मालमत्ता खाजगी कामाला वापरणे, वाईट दर्जाचे काम करणे, खोटी बिले करणे, कर बुडवणे आणि उधळपट्टी करणे, या सगळ्यांची नावे घेतली आहेत. म्हणजे कालव्याच्या अस्तरीकरणात सिमेंट कमी टाकणे ही केवळ तांत्रिक चूक नसून ती चोरीच आहे.

पण सातव्या आज्ञेच्या पुढेच आठवी आज्ञा आहे: खोटी साक्ष देऊ नकोस. चौकात उभे राहून “तो चोर आहे” म्हणणे सोपे असते. ते सिद्ध करणे न्यायालयाचे काम आहे, आणि सिद्ध होईपर्यंत कोणालाही चोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग या दोन आज्ञांच्या मध्ये उभ्या असलेल्या सामान्य माणसाने आपल्या चिडेचे करायचे तरी काय?

दोन वेगळे प्रश्न

मला वाटते, आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. एक प्रश्न आहे, चोर कोण? दुसरा आहे, पाणी कुठे आहे? पहिल्या प्रश्नाला पुरावा लागतो, पोलीस लागतात, वकील लागतात, वर्षे लागतात. दुसऱ्याला काहीच लागत नाही. तो विचारायला कोणावर आरोप करावा लागत नाही. बाभुळगाव तालुक्यात खडकसावंगा येथे बेंबळा नदीवर धरण झाले. २०१६ साली केंद्र सरकारने प्राधान्याने पूर्ण करायच्या ९९ प्रकल्पांची यादी केली, तेव्हाही बेंबळा त्या यादीत होता, म्हणजे काम बाकीच होते. माझ्या शेतापर्यंत पाटसरी येणार होती, ती आली का? आली असेल तर तिला पाणी येते का? त्यावर किती खर्च मंजूर होता आणि किती झाला? हे विचारणारा माणूस कोणाला चोर म्हणत नाही. तो फक्त आपल्या तळ्यात डोकावून पाहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात अडकले की आपण दुसरा प्रश्नही सोडून देतो. खरे नुकसान तिथे होते. कोणी दोषी ठरो वा निर्दोष सुटो, पाटात पाणी आहे की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

दूरदेशीची गोष्ट

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. आफ्रिकेतील केनिया देशात आरोर आणि किम्वारेर अशी दोन धरणे बांधायची होती. त्या व्यवहारातील घोटाळ्याच्या आरोपावरून २०१९ साली तिथल्या अर्थमंत्र्यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कारण सरकारी पक्षाने साक्षीदारांची नीट तपासणीच केली नाही. खटला संपला तेव्हाही ती धरणे उभी राहिलेली नव्हती. ऐकून ओळखीचे वाटते ना?

पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने नवे कर लादणारे वित्त विधेयक आणले. मूळ मसुद्यात ब्रेडवरही कर होता. तरुण मुलामुलींनी ते विधेयक वाचून काढले, आपापल्या बोलीभाषांत त्याचे अर्थ सांगितले, कोणत्या कलमामुळे आपल्या ताटातले काय महागणार हे घरोघरी पोहोचवले. मंत्री-आमदारांच्या थाटामाटावर आणि उधळपट्टीवर लोक चिडलेलेच होते. २५ जून २०२४ रोजी जमाव संसदेत शिरला, आग लागली, गोळीबार झाला, कित्येक तरुण मेले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयक मागे घेतले. त्या मरणांचे समर्थन होऊ शकत नाही, आणि त्या आगीचेही नाही. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या मुलांचे खरे बळ दगडात नव्हते. त्यांनी सरकारचा कागद वाचला होता, हे त्यांचे बळ होते.

आणखी एक गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी नैरोबीतील एका कॅथलिक चर्चला गायकवृंदासाठी आणि धर्मगुरूंच्या निवासासाठी लाखो शिलिंगांची देणगी दिली. नैरोबीचे महागुरुस्वामी फिलिप अन्योलो यांनी ती परत करण्याचे जाहीर केले. चर्चला पैशाची गरज नव्हती असे नाही. पण देणाऱ्याचे उपकार झाले की मागणाऱ्याचे तोंड बंद होते, हे त्यांनी ओळखले. दिवंगत पोप फ्रान्सिस २०१५ साली नैरोबीतच तरुणांना भेटले होते, तेव्हा त्यांनी भ्रष्टाचाराला साखरेची उपमा दिली होती: गोड लागते, सहज गळी उतरते, आणि शेवटी सारा देश मधुमेहाने आजारी पडतो. आपल्या गावातही मंडपाला, सणाला, मंदिराला, चर्चला कोणीतरी पुढारी सढळ हाताने देतो. ते देणे स्वीकारताना आपण विचारतो का, की यानंतर रस्त्याचा हिशेब मागायला आपली जीभ उचलेल का?

हिशेब मागणे हा अपमान आहे का?

आपली खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे हिशेब मागितला की समोरच्याला राग येतो. “माझ्यावर विश्वास नाही का?” असे तो विचारतो आणि आपण ओशाळतो. सरपंच नात्यातला असतो, सचिव ओळखीचा असतो, ठेकेदाराने अडीअडचणीला मदत केलेली असते. कशाला वाईट व्हायचे?

पवित्र शास्त्रात मात्र प्रामाणिक माणसे स्वतःहून हिशेब देतात. शमुवेल संदेष्टा म्हातारपणी सगळ्या लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला की मी कोणाचा बैल किंवा गाढव घेतले असेल, कोणाला लुबाडले असेल, कोणाकडून लाच घेतली असेल, तर आत्ताच सांगा, मी परत करतो. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्याने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला, कारण देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा अशी त्याची इच्छा होती. विश्वास होता म्हणूनच हिशेब होता. हिशेबामुळे विश्वास मरत नाही. हिशेब थांबला की तो हळूहळू कुजतो.

आणि याचे उदाहरण पाहायला फार लांब जायला नको. आपल्या माताभगिनींचे बचत गट पाहा. दर महिन्याला सगळ्या बसतात, कोणाचे किती आले, कर्ज कोणाला दिले, व्याज किती जमले, हे मोठ्याने वाचले जाते. वही सगळ्यांसमोर उघडी असते. अध्यक्षा कोणाची सासू असते, कोणाची जाऊ असते, तरी हिशेब ऐकला म्हणून कोणी रुसत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या बाबतीत आपण इतके दक्ष असतो. मग गावाच्या लाखांच्या बाबतीत आपल्याला संकोच का वाटावा?

कोणी म्हणेल, “आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहोत? दाखल्यासाठी चहापाण्याचे पैसे आपणही देतो. मग दुसऱ्याला काय बोलायचे?” या बोलण्यात नम्रता दिसते, पण त्यात एक फसवणूक आहे. मुलीच्या शाळेचा दाखला अडेल म्हणून नाइलाजाने पन्नास रुपये देणारी विधवा, आणि सार्वजनिक कामातून कोट्यवधी रुपये वळवणारा माणूस, यांना एका तराजूत घालणे हा न्याय नव्हे. “सगळेच चोर” असे म्हटले की सर्वांत जास्त फायदा सर्वांत मोठ्या चोराचा होतो. आपण आपल्या वाट्याचे सुधारावेच, पण त्यासाठी प्रश्न विचारायचे थांबण्याची गरज नाही.

मार्ग आपल्या हातात आहेत. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्यामागे अण्णा हजारे आणि अनेकांची धडपड होती. २००५ साली तो देशभर झाला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते दहा रुपयेही पडत नाहीत. २०११ साली अण्णांच्या उपोषणाला देशभर गर्दी झाली, टोप्या मिरवल्या गेल्या, पुढे ती गर्दी ओसरली. हा अर्ज मात्र अजून आपल्या हातात आहे. गर्दीतला संताप महिन्याभरात विझतो, कागदावर विचारलेला प्रश्न फाईलमध्ये जिवंत राहतो.

आणि ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मुख्य सभेच्या आधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते. तिथे भाषण करण्याची गरज नाही. एका कामाचे नाव घ्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: किती मंजूर झाले, किती खर्च झाले, आणि जागेवर काय उभे आहे? आवाज चढवू नये. कोणाला चोर म्हणू नये. उत्तर मिळाले नाही तर ते मिळाले नाही अशी नोंद इतिवृत्तात करायला सांगावे, आणि पुढच्या सभेला पुन्हा तेच विचारावे. एकट्याने भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून जावे.

१५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. आपण सकाळी मिस्साला येतो, झेंडावंदन करतो आणि ग्रामसभेची वेळ होते तेव्हा घरी जेवायला बसतो. यंदा जेवण थोडे उशिरा झाले तरी चालेल.