शुश्रूषेची दृष्टि

रोगानें गेलेला स्तन पुन्हां घडवून घ्यावा असें एखाद्या स्त्रीस वाटलें, तर ती तिची हौस समजावी कीं गरज? १८९५ सालीं हायडेलबर्ग येथें चेर्नी या शस्त्रवैद्यानें एका गायिकेच्या कमरेजवळील चरबीची गांठ काढून स्तनाच्या जागीं बसविली. तेव्हांपासून हा वाद चालूच आहे. मात्र त्याचें प्रत्यक्ष उत्तर रुग्णेस परिचारिकेच्या वागणुकींत मिळत असतें, असें आमचें मत आहे.

शस्त्रक्रिया कांहीं तासांत आटोपते. पुढील अहोरात्र परिचारिकेचे. पोटावरील कातडी व चरबी छातीवर आणून तेथील रक्तवाहिन्यांस जोडलेली असली, म्हणजे पहिले चोवीस तास ती बहुधा दर तासास पाहावी लागते. स्पर्श उबदार आहे काय? बोटानें दाबतां पांढरी पडलेली जागा किती वेळांत पूर्ववत् होते? ती फिकी व थंड पडली तर रक्त येत नाहीं. निळसर होऊन फुगली तर परत जात नाहीं. या दुसऱ्या प्रकारांत दाबलेली जागा वाजवीपेक्षां लौकर भरून येते, आणि नवख्या डोळ्यास तेंच सुलक्षण वाटतें! थोड्या तासांच्या दुर्लक्षानें सारें वाया जाऊं शकतें.

पण जिला असें वारंवार जागवून उघडें करावयाचें, तिला लाज आहे, भीति आहे. दिवा लावण्यापूर्वीं तिला सांगणें, पडदा ओढणें, उरलेलें अंग झांकणें, यांस केवळ शिष्टाचार लेखणारांशीं आमचें जमत नाहीं. पट्टी सुटल्यावर ती विचारते, "कसें दिसतें?" "छान" हें उत्तर दयेचें खरें, पण त्यानें तिचें दुःख तिच्या तोंडांतच राहतें. सूज उतरेल, व्रण फिके होतील. परंतु पूर्वीची संवेदना बहुधा परतणार नाहीं, म्हणून तेथें गरम पाण्याची पिशवी ठेवूं नये, हें तिला आधींच कळलें पाहिजे.

अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड हिनें 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) या पुस्तकांत आपला अनुभव लिहिला आहे. स्तन काढल्यावर ती तपासणीस गेली असतां, कृत्रिम स्तन न वापरल्याबद्दल परिचारिकेनेंच तिला हटकलें. त्यामुळें म्हणे दवाखान्यांतील मंडळींचें मनोधैर्य खचतें! "या वयांत हें कशाला?" असें विचारणारे आप्त आणि ही परिचारिका यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. दोघांसही स्वतःच्या डोळ्यांची सोय हवी आहे. आणि जिनें कांहींच घडवून घेतलें नाहीं, जिच्या छातीवर दर तासास पाहावें असें कांहीं नाहीं, तिच्या खाटेजवळ परिचारिका किती वेळ थांबते?