गल्लीचा हक्क



ईमानच्या सत्तरांहून अधिक शाखा असून वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही त्यांतील सर्वांत लहान शाखा होय, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे. वाटेतला काटा उचलणे हा ईमानचा अंश असेल, तर वस्तीतून भरधाव मोटारसायकल नेऊन स्वतःच वाटेतला काटा होणे काय ठरेल?

अमरावतीत वलगाव मार्गासारख्या भागांतील वस्त्यांत मुले गल्लीतच खेळतात आणि वृद्ध मंडळी फजरच्या अंधारात त्याच वाटेने मशिदीकडे जातात. जे ले-आउट अद्याप महानगरपालिकेकडे सोपविलेले नाहीत, तेथील रस्त्यांची काळजी रहिवाशांनाच वाहावी लागते. मग एखादा त्रासलेला गृहस्थ कोणालाही न विचारता आपल्या दारासमोर सिमेंटचा उंच ब्रेकर उभारतो. हेतू चांगला असतो. परंतु रात्री तो न दिसल्याने दुचाकीस्वार पडतो, गर्भवती भगिनीला हादरा बसतो.

याविषयी हनफी फिकह स्पष्ट आहे. बंद गल्ली ही तेथील सर्व रहिवाशांची सामाईक मालमत्ता असून, सर्वांच्या संमतीवाचून तिच्यात कोणालाही नवे बांधकाम करता येत नाही. शिवाय एक हानी तशाच दुसऱ्या हानीने दूर करता येत नाही, हाही शरीयतचा मान्य नियम आहे. म्हणून प्रथम शूरा, मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार त्याची उंची 10 सेंटिमीटर व रुंदी 3.7 मीटर असावी, म्हणजे वाहन ताशी 25 किलोमीटर वेगाने सुखरूप पार होते. त्यावर काळे-पांढरे पट्टे असावेत आणि अलीकडे सूचनाफलक असावा.

सर्वांनी मिळून वेगमर्यादा ठरविली की ती केवळ पाटीवरचा आकडा राहत नाही. तो शेजाऱ्यांशी केलेला करार ठरतो, आणि करार पाळण्याची आज्ञा कुरआनने ईमानधारकांना दिली आहे. तेथे पोलीस उभा नसेल. परंतु दिलेल्या वचनाचा साक्षी अल्लाह आहे.

‘नमाजला उशीर होतोय’ ही सबबही चालणार नाही. इकामत ऐकू आली तरी धावत येऊ नका, शांतपणे चालत या, असे प्रेषितांनी (सल्ल.) शिकविले. अरफातहून परतताना लोक उंटांना मारून पळवू लागले, तेव्हाही घाईत पुण्य नाही, हेच त्यांनी बजावले.

मातापित्यांनो, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणे हे लाड नव्हेत. त्याच्या हातून गुन्हा घडल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे. अल्लाहसमोरचा जाब त्याहून कठीण आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याच्या ईमानलाच प्रेषितांनी (सल्ल.) नाकारले आहे.

येत्या जुम्याला नमाजनंतर गल्लीतील सर्वांनी एकत्र बसावे आणि हा निर्णय घ्यावा. ज्यांच्या घरी वाहन नाही, त्यांनाही बोलवावे. कारण पायी चालणाऱ्याचा हक्क आधी आहे.

अल्लाह आपल्या वाटा आणि आपली लेकरे सुरक्षित ठेवो. आमीन.