सस्पेन्स खात्यातील एक नोंद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी पाळणा हलतो, सुंठवडा हातावर पडतो, आणि घरी येऊन पाहावे तो भिंतीवरच्या कॅलेंडरची शेवटची पाने उरलेली असतात. मी बँकेत लागलो तेव्हा बँकांचे हिशेबाचे वर्षही ३१ डिसेंबरलाच संपायचे; पुढे ते ३१ मार्च झाले. त्यामुळे दत्तजयंती आली की क्लोजिंगची आठवण व्हायची, ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. फरक एवढाच, की आता खातेवह्या दुसऱ्यांच्या नाहीत, आपल्याच आहेत.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या वेळी मंदिरात आम्हा चार-पाच निवृत्त मंडळींत एक प्रश्न निघाला होता. साठी उलटली, मुले मार्गी लागली, आता माणसाने नव्या वर्षात वाढायचे म्हणजे काय करायचे? एकजण म्हणाले, "आता कसली वाढ? आहे ते टिकवायचं. स्थिर राहायचं." सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. पण घरी जाताना मनात आले, स्थिर असणे आणि अडून बसणे यांत फरक कसा ओळखायचा? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

याचे उत्तर शोधताना मी अवधूताकडे गेलो. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. त्या अवधूताला आपली परंपरा दत्तात्रेयच मानते. नाथमहाराजांच्या भागवतात आपण सर्वांनी तो वाचला किंवा ऐकला आहे. राजा विचारतो, तुम्ही इतके आनंदात कसे? आणि अवधूत चोवीस गुरूंची यादी सांगतो: पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, समुद्र, अजगर, मधमाशी, बाण करणारा कारागीर, कांकणे उतरवणारी मुलगी. लहानपणापासून ऐकत आलेल्या या यादीत दोन गोष्टी माझ्या लक्षात फार उशिरा आल्या.

पहिली अशी, की त्या चोवीसांपैकी कोणालाही आपण गुरू आहोत हे ठाऊक नव्हते. कोणी उपदेश केला नाही, कोणी मंत्र दिला नाही. शिकण्याचे सगळे काम शिष्याने केले. दुसरी अशी, की त्यांतले कित्येकजण चुकलेले आहेत. पिलांच्या मोहाने जाळ्यात उडी घेणारा कबुतर, दिव्यावर झेपावणारा पतंग, गळाला लागलेला मासा. म्हणजे अवधूताने चुकीलाही गुरू केले. मग माझ्या मनात आले, दुसऱ्याच्या चुकीला गुरू करणे त्या मानाने सोपे आहे. स्वतःच्या चुकीचे काय?

इथे मला माझी एक जुनी नोंद सांगितली पाहिजे.

१९८६ साल. मी पेमेंट कॅशिअर होतो, वय अठ्ठावीस. संध्याकाळी रोकड मिळवताना बरोबर एक हजार रुपये कमी आले. म्हणजे दहाच्या नोटांची एक अख्खी गड्डी. तीनदा मोजले, स्कॉल तपासला, व्हाउचरे पालथी घातली. मॅनेजरसाहेब बाहेर येऊन उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तेव्हा माझ्या तोंडून वाक्य निघाले, "साहेब, माझ्या पिंजऱ्यात माझ्याखेरीज फक्त मामाच येतात."

मामा म्हणजे आमच्या शाखेतले शिपाई. गड्ड्यांना पट्ट्या लावायला ते आत येत. मी त्यांना चोर म्हटले नाही, हे खरे. पण जे म्हटले त्याचा दुसरा अर्थ होत नव्हता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले. तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी आणि एस.टी.चे तिकीट टेबलावर ठेवले आणि तसेच उभे राहिले. मॅनेजरसाहेबच म्हणाले, "असू द्या मामा, ठेवा ते."

नियमाप्रमाणे तूट मी भरली, सोसायटीतून उचल घेऊन. तिसऱ्या दिवशी गुळाचे एक व्यापारी आले आणि एक गड्डी जास्त आल्याचे सांगून हजार रुपये काउंटरवर ठेवून गेले. दहाऐवजी अकरा गड्ड्या मीच दिल्या होत्या. माझे पैसे मला परत मिळाले, शाखेत पेढे वाटले. मामांनीही पेढा घेतला. मी त्यांना काहीही म्हणालो नाही.

बँकेत सस्पेन्स खाते नावाचा एक प्रकार असतो. ज्या रकमेचा त्या दिवशी उलगडा होत नाही, ती तात्पुरती तिथे टाकतात आणि बाकीचा हिशेब मिळवून कुलूप लावतात. त्याशिवाय काम चालत नाही. पण ते खाते तात्पुरते असते; नोंद जुनी होत गेली की ऑडिटर पहिले बोट तिच्यावर ठेवतो. माझ्या मनाच्या ऑडिटरने तब्बल अडतीस वर्षे बोट ठेवले नाही. उलट वर्षे सरली तसा माझा हिशेब मला फार स्वच्छ वाटू लागला. निवृत्तीच्या समारंभात "सचोटीची छत्तीस वर्षे" असे कोणी बोलले, तेव्हा मी मान खाली घालून ऐकले. विनयाने, असे लोकांना वाटले. मलाही तसेच वाटले.

गेल्या वर्षीच्या त्या चर्चेनंतर मात्र हे वाक्य वर आले आणि जाईना. मामा मंडळींत असते तर त्यांनी "सचोटी" या शब्दावर मान हलवली असती का?

मित्राला सांगितले, तर त्याने माझ्या मते फार रास्त शंका काढली. तो म्हणाला, "ते कधीच विसरले असतील. तू जाऊन जखम उकरणार, आणि हलकं वाटणार तुला. माफी त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी?" या प्रश्नाने मला काही महिने थांबवले. खरोखरच, स्वतःचे ओझे उतरवण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाणे हाही स्वार्थच. पण जो विसरला असे आपण म्हणतो, तो विसरला हे ठरवले कोणी? आपणच. म्हणजे त्याच्या वहीची शिल्लकही आपणच लिहून टाकली.

यंदा वाडीला दर्शन घेऊन परतताना शिरोळ तालुक्यातल्या त्यांच्या गावी उतरलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते. "या की साहेब, बसा," म्हणाले. मी जे सांगायचे ते सांगितले, मोठ्याने सांगावे लागले, त्यामुळे शेजारच्या ओट्यापर्यंत गेले असेल. चौघांत बोललो होतो, चौघांत परत घेतले, हे नकळत बरे झाले. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आलासा, बरं केलंसा. चहा घ्या."

मामी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तवा तीन दिस डबा तसाच माघारी यायचा. इचारलं तर सांगायचं न्हाईत. पैसं गावलं म्हणून कळलं, तवा जेवलं."

वाचकहो, द्विनोंदी पद्धत मी कॉलेजात शिकलो आणि आयुष्यभर वापरली. कोणतीही नोंद एका बाजूने होत नाही. इकडे जमा तर तिकडे नावे. तिचा अर्थ मला त्या चहाच्या कपापाशी कळला. मी माझ्या वहीतली ओळ खोडली होती, पण तीच ओळ मामींच्या वहीत डब्याच्या रूपाने जशीच्या तशी होती. मित्राच्या शंकेचे उत्तरही तेच. माफीने मला हलके वाटले का? खरे सांगतो, नाही. येताना एस.टी.त जास्तच जड वाटले, कारण तोवर मला हजार रुपये माहीत होते, ते तीन दिवस माहीत नव्हते. पण रक्कम बरोबर कळली, आणि हिशेबात तेवढे पुरे असते.

वाडीत पावसाळ्यात कृष्णामाई चढते, पादुकांवरून पाणी जाते, देव वर हलवतात. पाणी ओसरले की गाळ धुऊन पुन्हा पूजा सुरू होते. पाणी आले म्हणून तिथले कोणी रागावत नाही. उलट दक्षिणद्वाराचा सोहळा म्हणून स्नानाला गर्दी होते. स्थिर असणे मला तिथे दिसते. अडून बसणारा पाण्याला आतच येऊ देत नाही, आणि माझ्यासारखा अडतीस वर्षे गाळावर सतरंजी टाकून बसतो.

तर येत्या वर्षासाठी मी स्वतःपुरते चार नियम केले आहेत. उपदेश म्हणून सांगत नाही. आपल्यासमोर सांगितले की पाळायची लाज राहील, म्हणून सांगतो.

एक, रोजची रोकड रोज मिळवायची. निजण्यापूर्वी दत्ताच्या तसबिरीपुढे पाच मिनिटे: आज कोणाला काय बोललो? तूट असेल तर उद्या दुपारच्या आत भरायची. बायकोही यातून वगळलेली नाही. तिथेच बहुतेक वेळा तूट येते.

दोन, सस्पेन्स खाते उघडून बसायचे. महिन्याला एक जुनी नोंद. माणूस हयात असेल तर भेटायचे, नसेल तर त्याच्या घरच्यांशी जसे मामांशी वागायला हवे होते तसे वागायचे.

तीन, कांकणे उतरवायची. पाहुणे ओट्यावर बसलेले असताना साळी कांडताना आवाज होऊ नये म्हणून त्या मुलीने हातात एकेकच कांकण ठेवले. काम थांबवले नाही, आवाज थांबवला. माझ्या त्या संध्याकाळच्या एका वाक्याचे काही काम नव्हते, तो नुसता भीतीचा आवाज होता. चौघांत कोणाविषयी बोलण्याआधी हे कांकण आठवायचे.

चार, धाकट्याकडून शिकायचे. नात मला मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकवते आणि दोनदा चुकलो की उसासा टाकते. तिथे "आमच्या वेळी" हे दोन शब्द गिळायचे. अवधूताने मधमाशीला गुरू केले, मला नात करायला काय हरकत?

हे चारही पाळले जातील अशी खात्री नाही. पाळले गेलेच, तर "बघा मी कसा बदललो" हा नवा अहंकार येईल, तोही रोजच्या रोकडीत मोजावा लागेल. पण प्रश्नाचे उत्तर मला माझ्यापुरते मिळाले आहे. या वयात वाढायचे म्हणजे नवीन काही मिळवायचे नाही. देणे ओळखायचे आणि हातपाय चालतात तोवर देऊन टाकायचे.

परवा मामांचा नातू गावाहून आला होता. मामींनी पिशवीतून शेंगा पाठवल्या होत्या, ओल्या, मातीसकट. सौ.ने धुवायला घेतल्या, तर मी म्हटले, थोड्या तशाच राहू दे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.