शोकाच्या दिवसांतील सारथ्य

संसारी मनुष्यावर दुःख कधी कोसळेल हे त्याच्या हाती नसते, आणि ते कोसळले म्हणून प्रपंचाचे चक्र क्षणभरही थांबत नाही. पत्नी रुग्णशय्येवर आहे, कर्जाची मुदत भरत आली आहे, अथवा आप्ताच्या मृत्यूला तेरा दिवसही लोटलेले नाहीत. तरी सकाळ झाली की कामावर जावेच लागते. ही स्थिती सर्वच गृहस्थांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येते. परंतु ज्यांचा व्यवसायच मालाच्या ने-आणीचा आहे, त्यांना ती विशेष कठोर वाटते. मालमोटारीचा चालक, त्याच्याबरोबरचा क्लीनर, रेल्वेच्या मालधक्क्यावरील हमाल, गुदामात आवक-जावक नोंदविणारा कारकून, दारोदार पार्सल पोचविणारा तरुण, हे सर्व दुसऱ्याच्या घरी वस्तू वेळेवर पोचवितात. स्वतःच्या घरी मात्र वेळेवर पोचणे त्यांना दुर्लभ होते. मुलाला ताप चढला असताना पिता दोन प्रांत ओलांडून कोठेतरी नाक्यावर रांगेत उभा असतो. वृद्ध मातेच्या अखेरच्या क्षणी पुत्राच्या हाती दुसऱ्याच्या मालाची बिलटी असते.

अशा मनुष्याला गीता काय सांगते? दुःख गिळून काम करीत राहा, एवढेच ती सांगते अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे, आणि प्रसंगी ती घातकही ठरते. गीतेचा उपदेश ज्या मुखातून प्रकट झाला, त्या भगवंतांनी सारथ्याचे काम स्वतः केले आहे. म्हणून त्यांचे वचन समजून घेताना त्यांचे आचरणही पाहिले पाहिजे.

भारतीय युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. तो अर्जुनाचा पुत्र, तसाच श्रीकृष्णांच्या भगिनीचाही पुत्र होता. पांडव वनवासात असताना तो द्वारकेत श्रीकृष्णांच्याच छायेत वाढला होता. त्या रात्री अर्जुनाने प्रतिज्ञा केली की, दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाही तर अग्निप्रवेश करीन. श्रीकृष्णांनी सुभद्रेजवळ जाऊन तिचे सांत्वन केले, आणि प्रातःकाळी पुन्हा घोड्यांचे लगाम हाती घेतले. ज्याला आपण हातांवर खेळविले त्याच्या मृत्यूनंतरची ती पहिलीच सकाळ होती.

त्या चौदाव्या दिवसाचा एक प्रसंग महाभारताच्या द्रोणपर्वात आला आहे. सूर्य पश्चिमेकडे कलू लागला होता, जयद्रथ अद्याप दूर होता, आणि रथाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले होते. घटकेघटकेला मोल होते. अशा वेळी घोड्यांना आणखी पिटाळावे असे कोणाच्याही मनात आले असते. परंतु अर्जुनाने घोडे सोडण्याचा विचार मांडला आणि श्रीकृष्णांनी त्याला संमती दिली. अर्जुन भूमीवर उतरून शत्रूंना थोपवीत उभा राहिला. त्याने बाणाने भूमी भेदून पाणी काढले आणि बाणांचाच आडोसा रचला. मग जगन्नाथाने रणांगणाच्या मध्यभागी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण स्वतःच्या हातांनी उपसले, त्यांना लोळू दिले, पाणी पाजले, चारा घातला. ते ताजेतवाने झाल्यावरच रथ पुन्हा जोडला गेला. आणि सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञाही पूर्ण झाली.

या प्रसंगाचा दुःखी गृहस्थाने शांतपणे विचार करावा. शोक होता म्हणून भगवंतांनी लगाम टाकले नाहीत. पण काम तातडीचे होते म्हणून त्यांनी थकलेल्या जीवांवर आसूडही उगारला नाही. लगाम धरणे हे जसे सारथ्य, तसेच योग्य वेळी घोडे सोडणे हेही सारथ्यच. जो चालक तीन रात्री रुग्णालयाच्या ओसरीत जागून चौथ्या रात्री घाटाची वाट धरतो, त्याला आपण कर्तव्य करीत आहोत असे वाटते; परंतु त्याच्या मिटत्या पापणीवर रस्त्यावरील कितीतरी अपरिचित जीव अवलंबून असतात. अशा वेळी ‘आज माझ्याने गाडी चालविणार नाही’ असे मालकाला स्पष्ट सांगणे हाच त्याचा त्या दिवसाचा धर्म होय. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांत प्रमाण सांभाळणाऱ्यालाच योग दुःखहारक होतो असे सांगितले आहे. १९६१ साली झालेल्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेही दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची सर्वसाधारण मर्यादा ठरविली होती. शास्त्राने जे साधकाला सांगितले, त्याची आवश्यकता व्यवहारालाही मान्य करावी लागली.

आता प्रश्न असा की, ज्या दिवशी काम करणे शक्य आहे, परंतु मन जड झाले आहे, त्या दिवशी ते कोणत्या भावाने करावे? वाहतुकीच्या कामाचे एक वैशिष्ट्य आहे. जो माल वाहिला जातो तो वाहणाऱ्याचा नसतो. पाठविणारा एक, घेणारा दुसरा. मधल्या मनुष्याकडे ती केवळ ठेव असते. ताडपत्रीखाली काय आहे, ते कोणाच्या उपयोगी पडणार आहे, हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. फळावर दृष्टी न ठेवता कर्म करण्याचा जो उपदेश इतरांना समजून घ्यावा लागतो, तो या मनुष्याच्या हातांना रोजच्या सवयीचा असतो. त्यात ईश्वरार्पणबुद्धी तेवढी मिसळायची उरते.

२०२१ सालच्या महामारीत देशाने याचा प्रत्यय घेतला. १९ एप्रिल रोजी मुंबईजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमकडे रवाना झाले, आणि प्राणवायू भरून ते नागपूर व नाशिक येथे आणले गेले. उणे १८३ अंशांच्या आसपास द्रवरूप राहणारा तो प्राणवायू अत्यंत जपून न्यावा लागतो. त्या दिवसांत देशभर असा प्राणवायू वाहणाऱ्यांची स्वतःची घरे काही महामारीच्या बाहेर नव्हती. ज्याच्या श्वासासाठी ते धावत होते त्याचे नाव त्यांना माहीत नव्हते. ज्याचा श्वास वाचला त्यालाही त्यांचे नाव कळले नाही. तिसऱ्या अध्यायात ज्याला यज्ञ म्हटले आहे आणि ज्याच्या आधारावर सृष्टीचे चक्र चालते असे सांगितले आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे? मिठाची गोणी, शाळेची पुस्तके, औषधाची पेटी, यांतील प्रत्येक वस्तू वाहताना हाच भाव ठेवता येतो.

तरीही घरच्या चिंतेने व्याकुळ झालेला मनुष्य विचारील, ‘मी जगाचा भार वाहीन, पण माझा भार कोण वाहील?’ या प्रश्नाचे उत्तर भगवंतांनी नवव्या अध्यायात दिले आहे. अनन्य भावाने चिंतन करणाऱ्या भक्ताच्या योगक्षेमाविषयी आश्वासन देताना त्यांनी ‘वाहणे’ हेच क्रियापद योजले आहे. पाठीवर गोणी घेणाऱ्या हमालाला त्या शब्दाचा अर्थ पंडिताहून अधिक कळावा. मात्र भगवंत हा भार बहुधा मनुष्याच्याच हातांनी वाहतात. म्हणून शेजाऱ्याचे साहाय्य, सहकाऱ्याने घेतलेली पाळी, वैद्याचा सल्ला, यांना परके न मानता त्यांचाच प्रसाद समजून स्वीकारावे.

दुःखाच्या दिवसांत काम करणाऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) आपले दुःख एका तरी विश्वासू मनुष्याला सांगावे. अर्जुनानेही प्रथम आपला विषाद पूर्णपणे बोलून दाखविला आणि भगवंतांनी तो ऐकून घेतला. म्हणूनच पुढे गीता झाली.

(२) काम सुरू करण्यापूर्वी क्षणभर नामस्मरण करून तो दिवस भगवंताला अर्पण करावा.

(३) दुःख विसरण्यासाठी मद्याचा आश्रय कदापि करू नये. ते दुःख हरत नाही, बुद्धी मात्र हरते.

(४) शरीर थकले असता थांबण्यात कमीपणा मानू नये.

(५) जो मालक, मुनीम किंवा अधिकारी आहे, त्याने हाताखालच्या मनुष्याचा उतरलेला चेहरा पाहून विचारपूस करावी आणि त्याला सवड द्यावी. थकलेल्याला पुढे ढकलून वेळेवर पोचविलेल्या मालाचा नफा धर्माच्या वहीत नफा म्हणून लिहिला जात नाही.

(६) ज्याच्या दारी माल येतो, त्या गृहस्थाने आणणाऱ्याला निदान पाणी विचारावे. त्याच्या घरी काय चालले आहे, हे कोणास ठाऊक?

शोक येईल आणि काळाने ओसरेल. वाट मात्र रोज चालायची आहे. ज्या प्रभूने प्रिय भाच्याच्या वियोगानंतर दुसऱ्याच दिवशी घोड्यांच्या जखमा धुतल्या, तो प्रत्येक श्रमिकाच्या देहरूपी रथावर सारथी होऊन बसलेलाच आहे. त्याच्या हाती लगाम द्यावेत, तो चालवील तेव्हा चालावे, तो थांबवील तेव्हा निःशंकपणे थांबावे. असे वागणाऱ्याचे सामान्य कर्मही पूजा होते, आणि त्याचे दुःखही त्याला भगवंताच्या समीपच नेते.