भाषेचा मजहब

घरातली मुलगी फ्रेंच भाषा आणि संस्कृती या विषयात एम.ए. करायचे म्हणते, तेव्हा आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला पोटाचा. शिकवणे, भाषांतर, दुभाष्याचे काम अशी त्याची उत्तरे देता येतात. दुसरा मनाचा आहे. ज्या देशाने २००४ साली कायदा करून सरकारी शाळांतल्या मुलींना हिजाबची बंदी केली, त्याच्या भाषेसाठी उमेदीची दोन वर्षे का द्यायची?

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. अल्जेरियात फ्रेंच भाषा १८३० मध्ये फौजेबरोबर आली आणि १९६२ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा राहिली. मालेक हद्दाद यांना तिच्यात लिहिणे हद्दपारीसारखे वाटे. स्वातंत्र्यानंतर त्यांनी त्या भाषेत साहित्य लिहिणे थांबवले. कातेब यासिन यांनी तिला युद्धात हाती आलेली लूट मानले. आसिया जेबार त्याच भाषेत आपल्या देशातील स्त्रियांची दुःखे मांडत राहिल्या आणि २००५ साली फ्रेंच अकादमीवर निवडून आल्या. यांपैकी कोणाला आपण कौमद्रोही म्हणणार? हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह पॅरिसमध्ये राहिले, आणि १९५९ मध्ये त्यांनी केलेला कुरआनचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला. परकी भाषा शिकून त्यांचा दीन उणावला नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. एम.ए. म्हणजे केवळ व्याकरण नव्हे. तिथे व्होल्तेअर वाचावा लागतो. १७६३ साली सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिणारा हाच व्होल्तेअर, आणि पैगंबरसाहेबांचे विपर्यस्त चित्र रंगवणारे नाटक लिहिणाराही हाच. एकाला डोक्यावर घेऊन दुसऱ्याकडे डोळेझाक करणे ही गुलामी झाली. दुसऱ्यासाठी पहिल्याला फेकून देणे हा अन्याय झाला. कोणाच्या वैरापायी अदल सोडू नका, ही कुरआनची शिकवण आपण ऐकत आलो. ती पाळण्याची जागा केवळ न्यायालय नाही, वाचनाचे टेबलही आहे. न्यायाने वाचणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. २००४ चा कायदा मूळ भाषेत वाचणाऱ्या मुलीला तो शाळांपुरता आहे, विद्यापीठांना लागू नाही, हे ऐकीव माहितीवर विसंबून न राहता कळेल. आणि त्याला विरोध करायचा तर तोही नेमक्या शब्दांत करता येईल.

शिवाय आपण हे विसरू नये, की ‘मुसलमान असून मराठी कसे?’ हा प्रश्न आपल्यालाही वर्षानुवर्षे विचारला गेला आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, हे आपण त्यावर अभिमानाने सांगतो. भाषेला मजहब नसतो, असे बजावतो. हा दावा मराठीपुरता खरा आणि फ्रेंचपुरता खोटा असू शकत नाही. तो खरा मानायचा असेल, तर त्या मुलीला अडवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.