राणीचं नाव पुढे करू नकोस

‘सर, एकदा आई होऊ दे तिला, मग नसबंदीच्या ऑपरेशनचं बघू.’ म्हणजे अर्ज राणीने केलाय तर! चार वर्षांची लॅब्रॅडॉर. गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये नवव्या मजल्यावर राहते, दिवसातून दोनदा खाली उतरते, आणि तिच्या मनातलं मातृत्व तेवढं तुला वाचता आलं. जंताची गोळी तिला नको असते हेही तुला कळतं. तरी जबडा उघडून ती घशात घालतोसच ना? तिथे संमती विचारलीस कधी?

वाईट वाटतं म्हणतोस. वाटू दे. धडधाकट जनावराला भूल द्यायची, पोट उघडायचं, आणि ते तर तुझ्यावर विश्वास टाकून शेपटी हलवत दवाखान्यात शिरणार. जड जाणारच. पण जड जातं हे कारण झालं का? शाळेत भूमितीही तुला जड जायची. मी तास रद्द केला नव्हता.

आता तुझाच हिशेब तुझ्यापुढे मांडतो. २०२२च्या ऑक्टोबरात गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या जातींवर बंदी घातली, आणि ज्यांच्याकडे ती कुत्री आधीच होती त्यांना दोन महिन्यांत नसबंदी करून घ्यायला सांगितलं. ‘बरं झालं,’ म्हणालास. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला, तेव्हा तू खवळलास: नसबंदी करा आणि सोडा ना परत, डांबता कशाला! २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जवळपास तेच म्हटलं. नसबंदी, लस, जंताचं औषध, आणि जिथून उचललं तिथेच परत. रेबीजची किंवा अंगावर धावून येणारी तेवढी वगळून. तू पेढे वाटायचे फक्त बाकी ठेवलेस. म्हणजे शेजाऱ्याच्या पिटबुलची करा. गेटवरच्या काळूची करा, जाळं टाकून, गाडीत कोंबून करा. राणीवर वेळ आली की हक्काची भाषा. हक्क काय फक्त जातिवंतांना असतो का रे?

तुझे वडील ‘नसबंदी’ या शब्दानेच दचकतात. १९७६ची, आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची दिल्ली पाहिलेला माणूस दचकणारच, त्यांना मी काही बोलणार नाही. पण ती सक्ती ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या माणसांवर झाली होती, तिचं पाप राणीच्या दवाखान्यात आणू नका. आणि गावाकडे याच घराण्यात बैल खच्ची केले जायचे, तेही भुलीशिवाय. त्याबद्दल तुमच्या घरात कोणाचं मन कधी द्विधा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. बैलाला औताला जुंपायचं होतं, म्हणून तिथे भावना आड आली नाही.

आता शरीराचं ऐक, कारण तिथे तू सगळ्यात जास्त गाळलेल्या जागा ठेवल्यास. कुत्री माजावरून उतरली की गाभण असो वा नसो, तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन दोन महिने चढं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, जंतू शिरले की तिथे पू साचतो. पायोमेट्रा म्हणतात त्याला. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तर ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत या दुखण्यात सापडलेला निघाला. मग ऑपरेशन करावंच लागतं, फक्त तेव्हा ती तापाने फणफणलेली असते, मूत्रपिंडं थकलेली असतात, आणि रात्रीचे दोन वाजलेले असतात. एकदा वेत झालं की हे टळतं, हा तुझा समज कुठून आला ते मला विचारायचंही नाही. पुढच्या प्रत्येक माजाला धोका तिथेच. स्तनांच्या गाठींचं तर विचारूच नकोस. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं असतं तर तो धोका जवळजवळ संपला असता. तो फायदा तुझ्या ‘बघू’ने खाल्ला.

तुझ्याकडे एक खरा प्रश्न होता, तो मात्र तू विचारला नाहीस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास छापला. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त आढळले. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाचं हाड भरेपर्यंत थांबावं का, हे डॉक्टरशी बोलण्यासारखं आहे. ऑपरेशननंतर वजन वाढतं, काही मोठ्या माद्यांना पुढे लघवी धरवत नाही, हेही खरं. असं काही विचारलं असतंस तर मी खुर्ची ओढून तुझ्याशी तासभर बोललो असतो. तू काय विचारलंस? ‘तिचं बाईपण जाईल का?’ अरे, ती कुत्री आहे. स्वतःच्या मनातली लाज तिच्या गळ्यात पट्ट्यासारखी बांधू नकोस.

आणि पिल्लं? लॅब्रॅडॉरला एका वेताला सात-आठ सहज होतात. ‘ऑफिसात देऊ’ म्हणालास. दोन जातील. तिसरं देताना तू माणूस पारखणं सोडशील, सहावं देताना पत्ताही विचारणार नाहीस. नोएडाच्या सेक्टरांतून, वैशालीच्या बागांतून जी गोंधळलेली लॅब्रॅडॉर गळ्यात पट्टा घेऊन फिरताना दिसतात, ती काय कारखान्यातून आली? डिफेन्स कॉलनीच्या पुलाखाली फ्रेंडिकोजच्या प्राणी-निवाऱ्यात जा, राजा गार्डनला संजय गांधी प्राणी केंद्रात जा, पिंजऱ्यांसमोर उभा राहा. तिथली काही तोंडं घरातल्या सोफ्यावर वाढलेली आहेत, हे तुला न सांगता कळेल. पैशाने विकणार असशील तर २०१७चे श्वानप्रजनन नियम वाच: राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, लागोपाठच्या माजांना वेत घ्यायचं नाही. आणि २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याच्या लसीची, जंताच्या औषधाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. मालक म्हणजे तू. सोसायटीचा सचिव नव्हे.

या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. शेवटचा माज कधी आला होता ते लिहून ने, कारण माजात किंवा त्याच्या लगेच नंतर हे ऑपरेशन शक्यतो करत नाहीत. साधारण दोन-तीन महिने जाऊ देतात. रक्ताची तपासणी आधी. आदल्या रात्रीपासून उपाशी किती वेळ ठेवायचं ते विचारून घे, आणि आजीला बजाव, ती चोरून पोळी भरवते. नंतर दहा-बारा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, गळ्यातला शंकू काढायचा नाही, जिने नाहीत, उड्या नाहीत. केविलवाणं बघेल, बघू दे. रेबीजच्या लसीचं कार्डही घेऊन ये, गेल्या वर्षीची तारीख मला त्यावर दिसलेली नाही.