किती वर्षें?

मूत्रपिंडें निकामी झालीं व यंत्रानें रक्त धुण्याची, म्हणजे डायलिसिसची, पाळी आली कीं घरचे लोक विचारितात, ‘आतां किती वर्षें?’ अमेरिकेंतील नॅशनल किडनी फाउंडेशन ही संस्था सरासरी ५ ते १० वर्षें असें सांगते, व कित्येक २० किंवा ३० वर्षेंहि जगतात असें लागलीच जोडते. परंतु प्रियहो, ही गणती यंत्र मिळालेल्यांची आहे. ज्यांस तें मिळालेंच नाहीं ते तींत येत नाहींत.

१९६० सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं रोग्याच्या हातांत टेफ्लॉनची नळी कायमची बसविण्याची युक्ति काढिली. क्लाइड शील्ड्स नांवाचा कारागीर मरणाच्या दारीं होता, तो तिच्या योगें ११ वर्षें जगला. मग रोगी पुष्कळ व यंत्रें थोडीं असें झालें. तेव्हां कोणास यंत्र द्यावें हें ठरविण्यास सात जणांची समिति बसली. तींत वकील होता, गृहिणी होती, मजुरांचा पुढारी होता, आणि एक ख्रिस्ती पाळकहि होता. रोग्याचीं मुलें किती, मिळकत किती, धंदा कोणता, उपासनेस जातो कीं नाहीं, हेंहि तेथें तोललें गेलें.

त्या बंधूच्या जागीं आम्ही असतों तर? मंडळीच्या वडिलासाठीं आमचा हात वर गेला असता. उपासनेस कधीं न फिरकणाऱ्या, दारू न सुटलेल्या एकट्या मनुष्यासाठीं गेला नसता, हें आम्ही लाजेनें कबूल करितों. त्यापेक्षां चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या, असें पुढें कित्येकांनीं म्हटलें, व आम्हांसहि तसेंच वाटतें. मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनींच झाली. चिठ्ठी आंधळी खरी, पण ती कोणाच्या जिवाचें मोल ठरवीत नाहीं.

१९७२ च्या कायद्यानें अमेरिकेच्या सरकारनें बहुतेकांचा खर्च उचलिला. आपल्या देशांतहि २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांस फुकट डायलिसिस देण्याची सरकारी योजना आहे. तरी आठवड्यांतून बहुधा तीन खेपा, दर खेपेस सुमारें चार तास. बुडालेली मजुरी रोग्याचीच. खेपा चुकल्या कीं आयुष्य घटतें. येथें कोणी समिति बसलेली नाहीं, पुष्कळदां एस. टी. चें भाडेंच निवड करितें. म्हणून ‘किती वर्षें?’ असें कोणी विचारिलें म्हणजे आम्ही त्यास डॉक्टरांकडे पाठवितों, आणि येत्या खेपेचें भाडें जमलें आहे काय, हें विचारितों.